चिठ्ठीवर ‘४ मिनिटे’: क्रांतिदिनाच्या एका भाषणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका गावात वाचनालयातर्फे दर वर्षी १८ जूनला क्रांतिदिन साजरा होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, एक मुख्य भाषण, पाहुण्यांचे चार शब्द, आभार आणि चहा, असा ठरलेला साचा. १९४६ साली याच तारखेला डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी पोर्तुगीज सरकारची परवानगी न घेता मडगावात सभा भरवली, त्याची ही आठवण. मुख्य भाषणाला एरवी बाहेरचे प्राध्यापक किंवा पत्रकार येतात. या वेळी समितीने विषय ठरवला ‘मुक्तिलढ्यातील स्त्रिया’, आणि बोलणारी व्यक्ती गावातलीच बाई असावी असेही ठरले.

ज्यांना विचारले त्यांना गावात सगळे ‘वहिनी’ म्हणतात, इथेही तेच चालवू. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ४३, पतसंस्थेत १९ वर्षे कॅशियर, स्वयंसहाय्य गटाच्या सचिव. वाचन दांडगे. पण पाच वर्षांपूर्वी शाळेच्या एका समारंभात आभार मानायला उभ्या राहिल्या, तिसऱ्या नावानंतर चौथे नाव आठवेना, आणि ‘सर्वांचे आभार’ एवढे कसेबसे म्हणून खाली बसल्या. तेव्हापासून माईक हातात घेतला नव्हता. २ जूनला वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला तेव्हा त्यांचे पहिले उत्तर होते, “काका, म्हाका जमचें ना.” काकांनी आग्रह सोडला नाही. वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला दोनदा नाही म्हणता येत नाही, म्हणून होकार गेला. हातात १६ दिवस. वेळ ८ मिनिटे. श्रोते साधारण १२०, त्यात हायस्कूलची ४० मुले, बाकी गावकरी आणि दोन स्वातंत्र्यसैनिकांचे कुटुंबीय.

तयारीसाठी त्या गावातल्याच एका निवृत्त शिक्षकांकडे गेल्या. हे सर देवळाच्या उत्सवातली नाटके बसवतात.

नेमकी अडचण

पहिले निदान सोपे वाटले: सभाधीटपणा नाही. वहिनी स्वतः तेच म्हणत होत्या आणि सरांनीही ते मान्य केले. त्यामुळे पहिले चार दिवस श्वासाचे व्यायाम, आरशासमोर उभे राहणे, ‘घाबरायचे नाही’ असे सांगणे, यात गेले. फरक शून्य.

पाचव्या दिवशी सरांनी मोबाइलवर संपूर्ण भाषण ध्वनिमुद्रित केले आणि दोघांनी ते कागदाशी ताडून ऐकले. मसुदा १,६४० शब्दांचा होता. वहिनींनी तो घाईघाईत, मिनिटाला दीडशे शब्दांच्या वेगाने म्हटला तरी अकरा मिनिटे लागली. मिनिटाला ११० शब्द या शांत वेगाने तोच मजकूर पंधरा मिनिटांचा होतो. म्हणजे ८ मिनिटांच्या भाषणात त्या जवळपास दुप्पट ओझे घेऊन निघाल्या होत्या, आणि घाबरलेला माणूस ओझे कमी करत नाही, वेग वाढवतो.

लांबीपेक्षाही अडखळण्याच्या जागा बोलक्या होत्या. एकूण २३ ठिकाणी त्या थांबल्या, चुकल्या किंवा वाक्य पुन्हा म्हणाल्या. त्यातली १७ ठिकाणे ‘पारतंत्र्याच्या जोखडातून मातृभूमीला मुक्त करण्यासाठी सर्वस्वाची आहुती देणाऱ्या ज्ञात-अज्ञात वीरांगनांच्या’ अशा धाटणीच्या वाक्यांत. चार ठिकाणे साल उच्चारताना. उरलेली दोन किरकोळ. त्याच संध्याकाळी चहा घेताना त्यांनी मसुद्यातलाच एक प्रसंग, गुप्त रेडिओचा, सरांच्या पत्नीला कोकणीतून सांगितला. सहा-सात मिनिटे, एकदाही न अडखळता, हातवारे करून.

म्हणजे प्रश्न नुसत्या भीतीचा नव्हता. वहिनींची भाषेची घडण गोव्यातल्या अनेक घरांसारखी आहे: घरात कोकणी, वाचायला मराठी वर्तमानपत्र आणि ग्रंथालयाची पुस्तके, ऑफिसातली कागदपत्रे इंग्रजीत. मराठी त्यांना उत्तम कळते, लिहिता येते. पण मराठी बोलण्याची सवय मुख्यतः पाहुण्यांपुरती. व्यासपीठ म्हटले की मराठी पुस्तकीच हवी, असा समज शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांपासून रुजलेला. ज्या शब्दांवर जीभ कधी चाललेली नाही ते शब्द १२० लोकांसमोर पहिल्यांदा चालवायला गेल्यावर जे व्हायचे तेच होत होते.

सालांची गोष्टही अशीच. मराठी संख्यानामे अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक वेगळी पाठ करावी लागतात. पतसंस्थेत दिवसभर ‘फॉर्टी सिक्स, फिफ्टी फाइव्ह’ म्हणणाऱ्या माणसाला ‘शेहेचाळीस’ आणि ‘पंचावन्न’ ऐनवेळी शोधावे लागतात. त्या शोधात अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात छातीत धस्स होते.

विचारात घेतलेले पर्याय

माघार घेणे हा पहिला पर्याय. शाळेतल्या एक टीचर तयार होत्या. वहिनींनीच तो बाजूला ठेवला, कारण पाच वर्षांपूर्वीचा प्रसंग मग कायमचा शिक्का झाला असता.

कागद पाहून वाचणे. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमांत हे सर्रास चालते आणि त्यात कमीपणा काही नाही. पण वहिनींचे वाचन सपाट आणि भरधाव होते, मान खाली जाऊन आवाज माईकच्या खालून निसटत होता, आणि पातळ ए-फोर कागद हाताचा थोडासा कंपही दहापट करून दाखवतो.

शब्दन्‌शब्द पाठ करणे. स्पर्धेतली मुले करतात, म्हणून घरच्यांचा आग्रह याचाच. पाठांतर ही साखळी असते. मागची कडी पुढची ओढते, म्हणून एक कडी सुटली की पुढची सगळी नाहीशी होतात. मुलगा सुरुवातीपासून पुन्हा म्हणू लागतो आणि परीक्षक हसून सोडून देतात. ४३ वर्षांच्या बाईला ती मुभा नाही.

प्रॉम्प्टर. हा सल्ला दिरांचा. ते उत्सवाच्या नाटकात विंगेतून प्रॉम्प्टिंग करतात आणि त्यात वाकबगार आहेत. गोव्याबाहेर हा पर्याय कुणाला सुचला नसता. सरांनी तो एकदा करून बघितला, आणि बरे झाले, नाहीतर दीर दुखावले असते. नाटकात संवाद ठरलेला असतो आणि समोर दुसरे पात्र असते, त्यामुळे क्षणभराचा थांबा खपून जातो. भाषणात बोलणारा एकटाच. वहिनींचा अर्धा कान विंगेकडे लागला, मान डावीकडे वळली, आणि दिरांची कुजबुज माईकने उचलली.

गोळी. एका ओळखीच्या माणसाने ‘स्टेजवरची धडधड थांबवणारी’ गोळी सुचवली. अशा वेळी ज्या गोळीचे नाव घेतले जाते ती प्रोप्रॅनोलॉल. ती दम्याच्या रुग्णांना देत नाहीत, श्वासनलिका आकुंचन पावू शकते. वहिनींना लहानपणी दमा होता. डॉक्टरांशी न बोलता हा विषय पुढे न्यायचा नाही, असे ठरले आणि तो तिथेच संपला.

कोकणीतून बोलणे. हा खरा गंभीर पर्याय होता आणि यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. सभागृहातल्या प्रत्येकाला कोकणी कळत होती आणि वहिनी तिच्यात मोकळ्या होत्या. दुसऱ्या बाजूला, वाचनालय मराठी, निमंत्रण मराठी भाषणाचे, आणि गोव्यात व्यासपीठावर भाषा बदलली की लोक विषय सोडून भाषेचीच चर्चा करतात. शेवटी मधला रस्ता निघाला. भाषण मराठीतच, पण वहिनी पाहुण्यांशी बोलतात त्या मराठीत. कुणाच्या तोंडचे बोलणे असेल तिथे कोकणी जशीच्या तशी. पुस्तकी शब्द एकही नाही.

त्याला जोड म्हणून पाठांतर फक्त पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन वाक्यांचे, आणि मधला मजकूर पाच कार्डांवरच्या मुद्द्यांवरून.

तयारी

आधी विषय छाटला. मूळ मसुदा १५१० साली अल्बुकर्कने गोवा जिंकल्यापासून सुरू होऊन १९६१ पर्यंत येत होता. साडेचारशे वर्षे आठ मिनिटांत बसवली की प्रत्येक शतकाला दोन मिनिटेही येत नाहीत. नावेही बरीच होती. नावांची यादी श्रोत्याला दिली की तो एकही घरी नेत नाही. जो प्रसंग चहाच्या वेळी आपोआप ओघाने आला, तोच भाषण होऊ शकतो, हे सरांचे म्हणणे. म्हणून फक्त रेडिओ ठेवला: वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात गोव्याच्या सीमेबाहेरच्या रानातून, आधी आंबोली आणि मग कॅसलरॉक भागातून, चालवलेले ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र. कोकणी आणि पोर्तुगीजमधून बातम्या. आणि १९ डिसेंबर १९६१ ला त्याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याची केलेली घोषणा. आवाज कुठे पोचतो आणि कोण पोचवते, हा एकच धागा. लिबिया लोबो सरदेसाईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाल्याने मुलांनाही नाव ओळखीचे असण्याची शक्यता होती.

मग वाक्ये. नियम एकच: जे वाक्य एका श्वासात संपत नाही ते मोडायचे. बहुतेक वाक्ये बारा शब्दांच्या आत आली. सुरुवातीचे ‘जोखड’ जाऊन तिथे आले: “रानात एक ट्रक. ट्रकात ट्रान्समीटर. आणि माईकसमोर एक तरुण मुलगी.” हे वाक्य वहिनींनी स्वतः बोलून दाखवले, सरांनी फक्त उतरवून घेतले. संपूर्ण मजकूर असाच झाला: आधी तोंडी, मग कागदावर. उलटे केले असते तर पुन्हा पुस्तकीच झाले असते. शेवटी ६४० शब्द उरले, म्हणजे जवळपास सहा मिनिटे. संबोधनाला अर्धे मिनिट, थांब्यांना अर्धे, आणि एक मिनिट मुद्दाम मोकळे.

कार्डे ५ × ३ इंचांची, जाड पुठ्ठ्याची, म्हणजे थरथरत नाहीत आणि तळहातात मावतात. एका बाजूलाच लेखन, एका कार्डावर सहा ओळींपेक्षा जास्त नाही, खालचा एक तृतीयांश भाग कोरा, म्हणजे नजर फार खाली जात नाही. मोठे क्रमांक. कोपऱ्यात भोक पाडून सैल दोरा, कारण पडली तर क्रम लावत बसायला वेळ नसतो. साले अंकांत न लिहिता अक्षरांत, ‘एकोणीसशे पंचावन्न’. जेलपेन टाळले. जूनमध्ये छत्रीचे चार थेंब पडले तरी त्याची शाई पसरते, साधे बॉलपेन टिकते.

संबोधनाचा निर्णय या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात उशिरा सुचलेला. मूळ मसुद्यात व्यासपीठावरची अकरा नावे होती, पदव्यांसकट. मोजले तर एक मिनिट दहा सेकंद. वहिनींचा पाच वर्षांपूर्वीचा अपघात नेमका नावांवरच झाला होता. भीती सगळ्यात तीव्र असते ती बोलण्याच्या आधीच्या क्षणांत आणि पहिल्या मिनिटात, पुढे बहुतेकांची ती उतरत जाते. त्या पहिल्याच मिनिटात आपण अकरा परकी नावे बिनचूक उच्चारण्याची परीक्षा ठेवत होतो! पण गावात नाव गाळणे म्हणजे अपमान. तोडगा असा निघाला की सूत्रसंचालकाने वहिनींना बोलावण्याआधी सगळी नावे एकदा घ्यावीत, आणि वहिनींनी “अध्यक्ष काका, प्रमुख पाहुणे आणि माझ्या गावच्या माणसांनो” एवढेच म्हणावे.

सराव एकूण नऊ वेळा पूर्ण, आणि पहिल्या मिनिटाचा त्याहून कितीतरी जास्त. उभे राहूनच, चप्पल घालून, त्या दिवशी नेसायचीच साडी दोनदा नेसून. (खांद्यावरून पदर सरकला की हात माईक सोडून तिकडे जातो, हे आधी कळलेले बरे.) सभागृहावर पत्रे आहेत आणि जूनचा पाऊस आहे, म्हणून स्वयंपाकघरातला मिक्सर चालू ठेवून त्यावर बोलण्याचा सराव. यजमान अंगणाच्या टोकाला उभे, ऐकू आले नाही तर हात वर करायचा. प्रत्येक श्रोत्याला एकच काम दिले. सुरुवातीला घरातले सगळेच शब्दाशब्दाला दुरुस्त करू लागले होते आणि वहिनी कोमेजत होत्या. मग मुलाकडे फक्त घड्याळ, आणि सासूबाईंनी ऐकून झाल्यावर काय लक्षात राहिले ते तेवढे सांगायचे. सासूबाईंच्या लक्षात ट्रक राहिला, विमान राहिले, मधले एक कार्ड मुळीच राहिले नाही. ते कार्ड बदलले.

दोन कवायती वेगळ्या सांगण्यासारख्या. एक, मुलाने कोणतेही कार्ड काढायचे आणि वहिनींनी तिथून सुरू करायचे. यामुळे साखळी तुटते आणि प्रत्येक टप्पा आपल्या पायावर उभा राहतो. दुसरी, चार मिनिटांचे भाषण. गावातला कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू झाल्याचे सरांनी पाहिलेले नव्हते, आणि उशीर झाला की कात्री मधल्या वक्त्याला लागते. म्हणून दुसरे आणि चौथे कार्ड वगळून तीन कार्डांचे भाषण तीनदा म्हणून घेतले. वहिनींना हे फुकटचे वाटले होते.

श्वासाचा व्यायाम शेवटी राहिलाच, पण एवढ्यापुरता: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच वेळा, खुर्चीतच. धडधडीचे काय करायचे यावर सरांकडे दोन गोष्टी होत्या. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ म्हणणाऱ्यांची भाषणे जास्त प्रभावी ठरली, कारण धडधडीला दाबण्यापेक्षा तिचे नाव बदलणे सोपे. वहिनींना ‘मी उत्सुक आहे’ हे मराठीत ओशाळवाणे वाटले. त्या पौषात धालांच्या, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या नाच-गाण्यांच्या, मांडावर पुढे होऊन गाणे धरतात. “पहिल्या रातीक अशेंच जाता,” त्या म्हणाल्या. मग तेच वाक्य ठरले. आणि ज्या बाईचा आवाज मांडाच्या दुसऱ्या ओळीपर्यंत माईकशिवाय पोचतो तिला आवाज नाही, हे इतके दिवस कुणाला कसे पटले होते, कोण जाणे.

दुसरी गोष्ट, सवित्स्की आणि गिलोविच यांचा २००३ चा अभ्यास: वक्त्याला आपली घबराट लोकांना दिसते त्यापेक्षा खूप जास्त दिसतेय असे वाटते, आणि हे आधीच कळले तर त्याचे भाषण सुधारते. सांगून पटेना, म्हणून व्हिडिओ काढला. वहिनींच्या मते हात ‘लटलट’ कापत होते. पडद्यावर काही दिसत नव्हते.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी पेज आणि लोणचे, कार्यक्रमाच्या दोन तास आधी. चहा अर्धा कप. बर्फाचे पाणी नाही, कोमट पाण्याची बाटली पिशवीत, कारण घाबरल्यावर तोंडाला कोरड पडते आणि जीभ टाळूला चिकटते.

कार्यक्रम दहाचा. पाहुणे ५० मिनिटे उशिरा आले. पाऊस धोधो. स्वागत आणि सत्कार होईस्तोवर साडेअकरा वाजले आणि वहिनींच्या हातात चिठ्ठी आली: ‘४ मिनिटे’. त्यांनी दोऱ्यातून दुसरे आणि चौथे कार्ड मागे सरकवले. इथे निर्णय घ्यावा लागला नाही, तो आठ दिवसांपूर्वीच झाला होता.

माईक आधीच्या उंच वक्त्यासाठी लावलेला. वहिनींनी स्टँडचा नट सैल करून तो हनुवटीच्या किंचित खाली, तोंडापासून चार बोटांवर आणला, पुन्हा आवळला, आणि मगच वर पाहिले. (माईक थेट तोंडासमोर धरला की प, फ, ब, भ फुटतात. जाळी मुठीत धरली की शिटी वाजते.) या उठाठेवीत सात-आठ सेकंद गेले. लोक गप्प झाले. तेवढी शांतता त्यांनी सरावात कधी सोसली नव्हती, इथे आपोआप मिळाली.

पहिले वाक्य पत्र्यावरच्या पावसात बुडाले. त्यांनी ते पुन्हा म्हटले, हळू. पुढे ट्रान्समीटरचे साल सांगताना “एकोणीसशे पासष्ट” निघाले. गोवा मुक्त झाल्याला तेव्हा चार वर्षे झालेली! हायस्कूलची मुले हसली. वहिनी थांबल्या, कार्ड पाहिले, “पासष्ट न्हय, पंचावन्न. तुमचे लक्ष आहे की नाही ते बघत होते,” म्हणाल्या. दुसरे वाक्य सरावातले नव्हते.

दुसऱ्या मिनिटाला वीज गेली. माईक बंद, पंखे बंद, पाऊस चालूच. कार्यकर्ते इन्व्हर्टरकडे धावले. थांबावे की चालू ठेवावे? यावर सरावात एक शब्दही झालेला नव्हता. वहिनी स्टँडच्या बाजूने दोन पावले पुढे, व्यासपीठाच्या कडेला आल्या आणि मांडावर लागतो तो आवाज लावला. वाक्ये आणखी तोकडी झाली. विमानाचा प्रसंग त्यांनी विनामाईक सांगितला. घोषणेचे शब्द कोकणीत आले, पाठ केलेली शेवटची दोन वाक्ये झाली, आणि टाळ्या संपायच्या आत त्या जागेवर येऊन बसल्या. कार्डे पोडियमवरच राहिली. मुलाच्या घड्याळात ४ मिनिटे ४० सेकंद.

निष्पत्ती

मागच्या तीन ओळींना मधली काही वाक्ये ऐकू गेली नाहीत, हे चहाच्या वेळी कळले. पुढच्यांना ट्रक आणि विमान पक्के आठवत होते. समितीतल्या एका सदस्यांनी मात्र ‘वक्त्यांनी मान्यवरांची नावे घेतली नाहीत’ अशी नाराजी अध्यक्षांकडे नोंदवली. सूत्रसंचालकाने नावे घेतली होती, पण तेव्हा हे सदस्य पाहुण्यांना आणायला बाहेर होते.

सप्टेंबरमध्ये पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वहिनींनी ताळेबंदावरचे दोन प्रश्न उभे राहून, कागदाशिवाय घेतले. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन मात्र त्यांनी नाकारले. भीती गेली असे म्हणता येणार नाही. भाषणाच्या आदल्या रात्री त्या तीन तासही झोपल्या नव्हत्या.

काय वेगळे करता आले असते

ध्वनिमुद्रण पाचव्या दिवशी नव्हे, पहिल्या दिवशी व्हायला हवे होते. ‘भीती वाटते’ हे वक्त्याचे म्हणणे खरे असते, पण ती कुठल्या शब्दाशी उठते हे फक्त टेप सांगते. चार दिवस त्यामुळे वाया गेले. जिथे सोळाऐवजी सहाच दिवस असतील तिथे ही चूक परवडणार नाही.

सभागृह आधी पाहिले होते, पण कोरड्या संध्याकाळी आणि माईकशिवाय. भर पावसात, ध्वनियंत्रणा चालू ठेवून दहा मिनिटे उभे राहिले असते तर पहिले वाक्य पुन्हा म्हणण्याची वेळ आली नसती, आणि इन्व्हर्टरला माईकचा पॉइंट जोडलेला नाही हेही दिसले असते. वीज जाणे ही जूनमध्ये अपवादात्मक घटना नाही. माईक बंद पडल्यास पाच सेकंद थांबायचे, मग पुढे यायचे आणि मागच्या ओळीतल्या एका माणसाकडे पाहून बोलायचे, एवढा एक सराव पुरला असता. वहिनी पुढे आल्या हे ठीक, पण नजर पुढच्या रांगेवर राहिली आणि आवाज नजरेच्या मागे गेला.

सालाची चूक कार्डावर बरोबर लिहूनही झाली, कारण त्या क्षणी कार्डाकडे पाहिलेच नव्हते. प्रत्येक आकड्याआधी नजर खाली नेण्याची खूण कार्डावर हवी होती, किंवा ते साल वगळून ‘लोहियांच्या सभेनंतर नऊ वर्षांनी’ असे म्हणता आले असते. श्रोत्यालाही ते जास्त लवकर कळते.

नावांचा तोडगा योग्य होता, पण तो फक्त सूत्रसंचालकाला सांगितला गेला. समितीच्या बैठकीत आधी मांडला असता तर नाराजी टळली असती, किंवा निदान ती वहिनींच्या नावावर पडली नसती. सरांचे यावर मत वेगळे आहे. त्यांच्या मते समितीतला एक तरी सदस्य तेव्हाही बाहेरच असता.